पोखर्णीचा फेटा

प्रिय शमुवेल मास्तर,

काल तुम्हाला मातीआड करून आलो. वर्तमानपत्रात लोकांची टोपी उडवण्यावर माझं पोट चालतं, म्हणून पाळक म्हणाले, मास्तरांवर चार शब्द तुम्हीच बोला. उभा राहिलो, स्तोत्राची एक ओळ वाचली आणि खाली बसलो. म्हटलं, तुम्हालाच लिहावं. निदान आता शिट्टी वाजवून मधेच थांबवणार नाही!

मिशनच्या शाळेत तुम्ही आमचे ड्रिल मास्तर. निजामाचं राज्य. आमचे बाप महारवाड्यातून ख्रिस्ती झालेले. नावं बदलली, वाडा तोच राहिला. तुम्ही आम्हाला हुतूतू शिकवलंत आणि आम्ही कुठं हरेचना. हरणार कसे? मी दम धरून समोरच्या अंगणात शिरलो की सवर्णांची पोरं विटाळाच्या भीतीनं मागं सरायची, ती रेघेबाहेर जाऊन बाद व्हायची. धरायला कुणी हात लावील तर ना! अस्पृश्यतेचा फायदा झालेले उभ्या मराठवाड्यात आम्हीच पहिले असू.

जिंकल्यावर तुम्हाला मात्र जेवण जात नसे. का, ते पोखर्णीला कळलं.

नरसिंहाच्या जत्रेत सोनपेठच्या पोरांशी शेवटचा सामना. जिंकणाऱ्या प्रत्येकाला फेटा. मास्तर, आमच्या घरात नवा फेटा कुणी बांधला नव्हता; बांधला असता तर गावानं उतरवला असता. मी तो मनातल्या मनात बांधूनही पाहिला होता! आणि अगदी जिंकत आलो असताना तुम्ही मैदानात येऊन डाव थांबवलात.

सोनपेठचा म्होरक्या महालिंग, किराणा दुकानदाराचा पोरगा. त्याला म्हणालात, "धर याला. धरायचा नसंल तर फेटे तुमीच घ्या. आमी जातो घरला."

मी रडकुंडीला आलेला. माझ्याकडं वळून एवढंच बोललात, "प्रभूनं कुष्ठरोग्याला लांबून बरं केलं न्हाई, याकोबा. हात लावून केलं."

महालिंगनं गर्दीतल्या बापाकडं पाहिलं. पुढच्या चढाईत त्यानं माझा पाय धरला. मग सगळेच अंगावर पडले. तोंडात काळी माती, दम सुटला, डाव गेला. आणि तुम्ही गुडघे टेकून देवाचे उपकार मानत होतात! पोरं हरल्यावर उपकार मानणारा मास्तर जगात दुसरा असेल का? तो राग मला कैक वर्षं पुरला.

काल मातीला महालिंगही आला. केस पिकलेले, गळ्यात लिंग, काखेत तोच फेटा, घडीही न मोडलेला. म्हणाला, मला शिवला म्हणून त्या दिवसापासून बापानं त्याला पावसाळाभर गोठ्यात जेवायला वाढलं. "मास्तर दर बाजारी यायचे. गोठ्यात बसून माझ्यासंगं भाकर खायचे. तुला बोलले न्हाई?"

नाही बोललात, मास्तर. मला वाटत होतं, हरलो ते आम्हीच.

तुमची पेटी उचलताना त्यानं फेट्याची घडी मोडली. एक टोक आपल्या खांद्यावर घेतलं, दुसरं पेटीखालून माझ्या खांद्यावर टाकलं. लाकूड रुतू नये म्हणून.

त्याची पोरं मात्र दफनभूमीच्या कुंपणाबाहेरच उभी होती. आत आली नाहीत.

म्हणून येत्या बाजारी सोनपेठला जातो. हुतूतूच्या रेघा मी आखीन. आमची पोरं, त्यांची पोरं. कुणी कुणाला न धरता जिंकलेला डाव मोजणार नाही, हा शब्द.

तुमचा, अजून बोडक्या डोक्याचा,
याकोब