कालांद्रिया रेडिओचं चौथं बारसं

३ मार्च
परत बारसं! या स्टेशनचं हे चौथं. डॉन गोयोने काढलं तेव्हा कालांद्रिया रेडिओ, रांचेरा, म्हणजे आमची गावाकडची गाणी. तो गेल्यावर दुसरा मालक आला — दिवसभर प्रेमाचे उसासे. तिसरा आला, नुसता धडाम-धुडूम. आता लॉस एंजेलिसहून नवा हुकूम: सोमवारपासून फुटबॉलच्या गप्पा. गाणं एकही नाही!

हुकूम सांगायला आमचा मॅनेजर रॉजर. बाप्तिस्म्याचं नाव रोगासियानो, पण ते त्या चकचकीत बुटांना शोभत नाही ना!

एवढ्या उलथापालथीत माझा पहाटेचा तास तेवढा टिकला होता. द्राक्षमळ्यांत कामाला निघालेल्यांची नावं घ्यायची, ज्याचा वाढदिवस त्याच्यासाठी गाणं लावायचं. तोही बंद. रॉजर म्हणतो, ‘दोन्या मिंचा, कुणी ऐकत नाही हो. आकडे बघा.’ आकडे! मळ्यातल्या बायकांना विचारायला कोण गेलं होतं?

४ मार्च
एलादियो असता तर म्हणाला असता, ‘मी आणि कोंबड्या ऐकतो की!’ माझा नवरा जाऊन तीन वर्षं होतील. कोंबड्याही विकल्या. भीती एकच — रॉजरचं खरं असलं तर?

५ मार्च
शेवटचा तास. निरोप घ्यायचा नाही म्हणे, लोक दुसरं स्टेशन लावतील. घेतला नाही. शाल आणि कप तिथेच विसरून आले.

६ मार्च
सकाळपासून एकच गाणं, पुन्हा पुन्हा तेच. रॉजरची अक्कल — सोमवारपर्यंत असंच चालणार, त्याने म्हणे उत्सुकता वाढते!

गाढव. डॉन गोयो गेला तेव्हा आम्ही दिवसभर एकच गाणं लावलं होतं. त्याची बायको गेली तेव्हाही. या खोऱ्यात गाणं असं अडकलं की लोक छातीवर क्रूस काढतात — स्टेशनवरचं कुणीतरी गेलं. मी त्याला सांगितलं नाही. रॉजर गेला असं वाटू दे लोकांना! फोन काढून ठेवला आणि मस्त झोपले.

७ मार्च
शाल आणायला स्टेशनवर गेले. चर्चमधली रविवारची प्रार्थना नुकतीच सुटली होती. अंगणभर माणसं, मेणबत्त्या, पांढरी फुलं आणि मध्ये माझा फोटो!

रॉजरची आई, दोन्या चोले, जपमाळ घेऊन गुडघ्यांवर. मला बघून किंचाळलीच. ‘जिवंत आहेस? मग मी पहाटेपासून मक्याचे तामालेस कुणासाठी वळतेय?’ मग उठली ती थेट लेकावर. ‘रोगासियानो! तू जन्मलास तेव्हा तुझा बाप मळ्यात होता. त्याला रेडिओवर हिच्या तोंडून कळलं! आणि म्हणे कुणी ऐकत नाही!’

बुटांकडे बघत उभा होता. काय गार वाटलं मला!

पॅकिंग शेडमधल्या बायका आधी माझ्यावर ओरडल्या, मग गळ्यात पडून रडल्या. मीही रडले. माझ्याच मयताचे तामालेस खाल्ले. मिरची जास्त होती.

१२ मार्च
रॉजर घरी आला, फुलं घेऊन. माझ्याच मयतातली — फीत तशीच! म्हणाला, गर्दीचे फोटो बघून मालक खूश आहेत, तुमचा तास परत सुरू.

मी लगेच शाल शोधायला लागले.

‘नाही, म्हणजे... तुम्ही यायचं नाही. जुनी रेकॉर्डिंग सापडलीत, ती लावू. लोकांना आठवणी आवडतात. आणि तुमचा आवाज आता जरा —’

जरा काय? लोकांनी चुकून मारलं, याने ठरवून पुरलं! फुलांसकट हाकलला. म्हटलं, तुझ्या त्या भुताला मी बंदी आणणार. वकील गाठणार. दातओठ खात बसलेय.

१५ मार्च
पहाटे पाचला रेडिओ लावला. शिव्या घालायलाच. काय किंचाळायचे मी तेव्हा! केवढा तो तोरा! रॉजरला फोन लावणार, तेवढ्यात त्या जुन्या तासात स्टुडिओतला फोन वाजला. मी म्हणते आहे, ‘बोला, आज कुणाचा वाढदिवस?’

‘तुझा, मिंचे. स्वतःचाच विसरलीस. लवकर घरी ये, कोंबड्यांनी अंडी दिलीत.’

एलादियो.

मग फोन केला रॉजरला. म्हटलं, उद्याही लाव.