आत्या बसली की येणारा आवाज

रविवार, संध्याकाळ

सापडला! महिनाभर डोकं खाल्लं या आवाजानं. जीप वळवली की खालून कट-कट, स्टिअरिंग जड, चाकं फरफटल्यासारखी. तेही फक्त आत्या सोबत असली की. मेकॅनिकला घेऊन फिरलो तर गाडी मुकी. आत्याचं वजन की काय? छे, ती तर चिपाड.

आज तिला कुहीहून आणताना पहिल्यांदाच तिला चढताना पाहिलं. एरवी मी तेव्हा मागे तिची पिशवी ठेवत असतो. गिअरशेजारचा छोटा दांडा ओढून ती वर चढली. फोर-व्हीलचा दांडा! चिखलासाठी असलेला चारही चाकांचा जोर मी कोरड्या डांबरावर लावत होतो, वळणावर गाडी कटकटणारच. आणि उतरताना आत्या तोच दांडा पुढे रेटते, की गाडी पुन्हा बरी!

"आत्या, तो दांडा काहून धरते वं?"

"मले वाटलं, बुढ्यांसाठीच लावला हाय. दुसरं काय धरू गा?"

खरंच, काय धरेल? उद्याच दाराशी हँडल बसवतो म्हटलं.

तशी म्हणाली, "बसव. पन माहे गुडघेबी वळले का कट-कट करते. त्याईचा दांडा कुठं हाय, तेवढं पाहून ठेव."