दात चांगलेच होते

आबा, तुमचे दात चांगले होते, याची आता मला खात्री आहे. गेल्या वर्षी माझ्याही उजव्या गालात तेच सुरू झालं. चहाचा कप ओठाला लागला आणि जबड्यातून कानापर्यंत वीज गेली. तडक दातांच्या दवाखान्यात गेले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, ही दाढ काढून टाका. कालपरवा शिकून आलेला डॉक्टर. त्याने आरसा फिरवला, फोटो काढला. "म्याडम, दाढ ठणठणीत हाय. चांगली दाढ मी काढत नसतो." दुखणं चेहऱ्याच्या नसेचं असावं, असं सांगून त्याने मला नगरला मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तुम्हाला असा नाही म्हणणारा कुणी भेटलाच नाही. तुम्ही बीडला जायचात आणि येताना रुमालात दाढ असायची. "आता ही काढली, झालं," म्हणायचात. आठ-पंधरा दिवस खरंच बरं वाटायचं, मग पुन्हा बीड. असं करत करत उजव्या बाजूचं बोळकं झालं.

मी तिसरीत असेन. तुम्ही चुलीपाशी दुधात कुस्करलेली भाकरी खाताय, मी पळत येते आणि लाडाने तुमच्या गालाला हात लावते. तुम्ही तो असा झटकलात की माझी बांगडी फुटली. "हात लावू नगं म्हणलं ना!" माय भाकरी थापता थापता म्हणाली, "कावून खेकसायलात लेकरावर?" तुम्ही डोळे मिटून बसून राहिलात. त्यानंतर मी तुमच्या गालाला कधी हात लावला नाही. वस्तराही सोसेना म्हणून तुम्ही दाढी वाढवलीत. गावाने ठरवलं, आबांनी नारायणगडाला नवस बोललाय. तुम्ही हो म्हणाला नाहीत की नाही म्हणाला नाहीत, नुसते हसलात, तेही डाव्या बाजूने.

आणि तुमचं ते भाषणात थांबणं! कडा गावी साखर कारखान्याच्या निवडणुकीची सभा, तुम्ही रंगात आलेले, आणि मध्येच थांबलात. हात तसाच वर, डोळे मिटलेले. माणसं चिडीचूप. मग जिथे थांबलात तिथूनच पुढचा शब्द, आणि टाळ्यांचा कडकडाट. "आबा थांबले की काळीज थांबतंय बघा," लोक म्हणायचे. तालुक्यातले नवे पुढारी ती ढब उचलून उगाचच भाषणात थांबायला लागले. मलाही ती तुमची हुशारीच वाटायची. गेल्या पावसाळ्यात शाळेत पोरांना धडा वाचून दाखवताना माझा हात तसाच वर राहिला. शब्द तोंडात, तोंड उघडता येईना, पोरं टकामका बघतायत. तेव्हा कळलं, तुमचं ते थांबणं काय होतं. मी तर खुर्चीत बसून रडले. तुम्ही एवढ्या माणसांसमोर उभे राहिलात आणि पुढचा शब्द चुकला नाहीत. हे बळ कुठून आणलंत, आबा?

नगरच्या डॉक्टरीणबाईंनी मेंदूचा फोटो दाखवला. दोऱ्याएवढी एक रक्तवाहिनी नसेला टेकली होती, बस्स, एवढंच. बापाकडून सहसा हे येत नाही म्हणाल्या; मग आपल्या दोघांनाच कसं, ते त्यांनाही सांगता आलं नाही. मिरगीला देतात ती गोळी त्यांनी दिली आणि चौथ्या दिवशी मी दोन्ही हातांनी तोंड धुतलं. पाणी गालावरून ओघळलं आणि काहीच झालं नाही. मी किती तरी वेळ नळ चालू ठेवून थक्क होऊन उभी होते.

पुढे मात्र गोळी पुरेना. वाढवली की तोल जातो, हजेरी घेताना जीभ अडखळते. बाईंनी सगळे मार्ग समोर ठेवले. औषध बदलून बघता येईल. सुईने नस बधिर करता येईल, पण गालाचीही जाणीव थोडी जाईल आणि दुखणं काही वर्षांनी परतू शकतं. नाहीतर कानामागून ऑपरेशन करून रक्तवाहिनी आणि नस यांच्या मधे मऊ बोळा ठेवायचा. त्यात आराम सगळ्यांत जास्त टिकतो, पण डोकं उघडायचं म्हणजे जोखीमही आली, त्या कानाने ऐकू न येण्याचीसुद्धा. "घाई नाही, तुम्ही ठरवा," म्हणाल्या. मी ठरवायचं! तुमच्यापुढे फक्त पक्कड होती.

ऑपरेशनला मी हो म्हटलंय, येत्या सोमवारी. घरात सगळ्यांना ठणकावून सांगितलंय, मी आबांची लेक आहे, मला कसली भीती. तुम्ही तर आता नाही, हे पत्र कुणाच्या हाती पडायचं नाही, म्हणून तुम्हालाच खरं सांगते. वाटते, आबा. लई वाटते.