रुद्राणीच्या वाट्याची करवंटी

ज्येष्ठ वद्य द्वितीया, शके १८६७

आज बी टाकलं. यांच्या कचेरीत निजामाचा अमरदाद महिना चालू आहे, माझ्या घरात ज्येष्ठ. पाऊस यायचा तेव्हा येवो, तोवर ओसरीवर रोपं तयार करून ठेवते. नांदेडहून निघताना आईनं चिंधीत बांधून दिलेलं बियाणं — दोडका, कारलं, वाल. करवंट्यांना खिळ्यानं भोकं पाडली. पोयटा, जुनं शेणखत, मूठभर राख. दोडक्याचं बी रात्रभर ओल्या फडक्यात ठेवलं होतं. टोक खाली करून लावलं. एवढं एक काम मला येतं आणि त्यात कोणी अक्कल शिकवलेली मला खपत नाही.

वन्सं शिकवायला आल्याच. यांच्या थोरल्या बहीण, उमाबाई. कपाळ पांढरं झाल्यावर माहेरी परतल्या, तेव्हापासून या घराच्या किल्ल्या त्यांच्या कनवटीला. म्हणाल्या, "पहिली करवंटी तिच्या नावाची. मग तुझं."

तिच्या म्हणजे रुद्राणीच्या. यांची पहिली बायको, नवज्वरात गेली त्याला दोन वर्षं झाली. मी दुसरेपणाची, म्हणून तिचा टाक माझ्या गळ्यात — नखाएवढी चांदीची बाई, काळ्या दोऱ्यात. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. गोडधोड आधी टाकाला, मग तोंडात. लग्न होऊन चार महिने झाले, मुकाट्यानं करत आले. पण दोडकं? मेलेल्या बाईला दोडकं काय करायचंय! तोंडानं "बरं" म्हटलं आणि ठेवली नाही.

इंदू खांबाआडून बघत होती. रुद्राणीची लेक, चार वर्षांची. मला ती काहीच म्हणत नाही. आई नाही, मावशी नाही, नुसतं 'अगं'सुद्धा नाही. काही हवं असलं की पदर ओढते. मला या घरात दागिना नको, किल्ल्या नकोत. तिनं मला आई म्हणावं, बास. एकदा तरी.

ज्येष्ठ वद्य सप्तमी

काही नाही उगवलं.

ज्येष्ठ वद्य एकादशी

अजून काही नाही. एव्हाना दोडक्यानं मान वर काढायला हवी होती. शेवटी उकरून बघितलं. बी जसंच्या तसं. कुजलेलं नाही, मुंगीनं नेलेलं नाही. माती बोटांना चिकटत होती, आणि बी कोरडं ठणठणीत! आत्ता चिंधीतून काढल्यासारखं. कारल्याचं तसंच. वालाचं तसंच. परत झाकून टाकलं.

भिंतीवरून हाजराबीला सांगितलं. जिलानी मणियाराची बायको, लातुरात मला मिळालेली एकुलती मैत्रीण. म्हणाली, "बी जुनं असंल गे. नक्को जीव लावू." जुनं कसं असेल? मागच्या मार्गशीर्षात मीच वाळवलंय.

ज्येष्ठ अमावास्या

वन्संनी करवंट्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "ठेवली नव्हतीस ना?" एवढंच. चांगलं फाडफाड बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुपारी कोठीतून एक गाडगं आणलं. राखेत पुरलेली पुरचुंडी, तिच्यात झेंडूचं बी. रुद्राणीनं स्वतः धरून ठेवलेलं. "तिचं तिला दे," म्हणाल्या. वेगळी करवंटी भरली, बी टाकलं, टाक मातीला टेकवला. "घे बाई, तुझा वाटा," असं पुटपुटले आणि मला माझंच हसू आलं.

आषाढ शुद्ध प्रतिपदा

सगळ्या करवंट्या हिरव्या. सगळ्या. एका रात्रीत!

काल टाकलेला झेंडूसुद्धा. झेंडू असा येत नाही, त्याला दिवस लागतात. यांना हाताला धरून दाखवायला नेलं. "रात्री उकाडा होता, आलं वर," म्हणाले आणि पगडी घालून कचेरीत गेले. हे पेशकार आहेत, साहेबांपुढं कागद मांडणारे; जगातल्या कुठल्याही गोष्टीवर यांचा एका ओळीचा शेरा तयार असतो.

खोटं कशाला लिहू, आनंद झाला. पण पाणी शिंपडताना आधी रुद्राणीच्या करवंटीला शिंपडलं.

आषाढ शुद्ध षष्ठी

रोपं कलली आहेत. रोप उन्हाकडं कलतं, हे शेंबडं पोरही सांगेल. ही स्वयंपाकघराच्या दाराकडं कललीत, अंधाराकडं, जिथं मी दिवसभर बसते. करवंट्या फिरवून ठेवल्या. संध्याकाळी परत तशीच, माझ्याकडं तोंड करून. हाजराबी हसली — "तुलाच बघायलेत गे. हात गुणाचा हाय तुझा." मनातून सुखावले. कोणीतरी माझ्याकडं तोंड करतंय या घरात.

आषाढ शुद्ध दशमी

हात गुणाचा वगैरे काही नाही.

टाकाचा दोरा कुजला होता. नवा वळेपर्यंत टाक काढून देवघराच्या कोनाड्यात ठेवला आणि हाजराबीकडं बांगड्या भरायला गेले. लग्नानंतर पहिल्यांदा गळा मोकळा होता. दोन घटका गप्पा मारल्या, परत आले. सगळी रोपं देवघराकडं वळलेली. एकूण एक. मी ओसरीत उभी, आणि माझ्याकडं सगळ्यांची पाठ.

दोरा तसाच अर्धवट ओवला आणि टाक गळ्यात घातला. वन्संना सांगितलं नाही. यांना सांगून काय उपयोग.

आषाढ वद्य तृतीया

पाऊस लागला. रोपं परसात लावली. दोडका आणि कारलं कुडाला, वाल कोपऱ्यात, रुद्राणीचा झेंडू आडाजवळ.

इंदू झेंडूपाशी बसून बोलत असते. हळू, मान हलवून हलवून. मी जवळ गेले की गप्प. आज मी पाणी घालत होते तर तोंड उघडलं — मला उद्देशून नव्हे, नुसतंच — "ती म्हणती पाणी लई झालं."

"कोण ग ती?"

 तांब्या खाली ठेवून आत आले. राग आला मला. पाच महिने न्हाऊ घालते, उवा काढते, भात कालवून भरवते. मला एक शब्द नाही, आणि झेंडूशी गप्पा! लाज वाटते लिहायला, पण मेलेल्या बाईचा मत्सर वाटला.

श्रावण शुद्ध पंचमी

नागपंचमी. आज कोणी माती खणत नाही, भाजी चिरत नाही, तवा ठेवत नाही. खुरपं काल संध्याकाळीच वन्संनी कोठीत टाकून कुलूप घातलेलं.

सकाळी नागोबाला दूध ठेवायला परसात गेले तर झेंडूभोवतीची माती ताजी उकरलेली. भुसभुशीत, गोल आळं करून. मातीत बोटांच्या रेघा. इंदूच्या नाहीत, मोठ्या हाताच्या.

वन्सं दारातूनच बघत होत्या.  मग म्हणाल्या, "तिला खुरपं आवडत नव्हतं. बोटांनीच करायची सगळं." आणि दुधाची वाटी माझ्या हातून घेऊन स्वतः ठेवली. त्यांना भ्यालेलं मी आज पहिल्यांदा पाहिलं.

श्रावण वद्य द्वितीया

आज मी वेडी झाले आहे आनंदानं.

पहिलं फूल उमललं. केशरी, अजून पुरतं उघडलंही नव्हतं. ते टाकाला वाहायचं होतं. माहीत होतं मला, अगदी तोडायला वाकले होते त्याच विचारानं. तेवढ्यात पाठीमागून आवाज — "मला घाल."

इंदू! पदर न ओढता. डोकं पुढं करून उभी.

काय करणार होते मी? घातलं तिच्या वेणीत. तिनं हात लावून बघितलं आणि हसली, माझ्याकडं बघून हसली. टाकाला म्हटलं, तुझ्याच लेकीच्या डोक्यात आहे, तुला दिल्यासारखंच. आता लिहिताना वाटतं की तिची परवानगी घेतल्यासारखं मी का बोलले?

श्रावण वद्य तृतीया

इंदूला ताप. सकाळी फूल काढायला गेले तर वेणीत काळं पडलं होतं. पाकळ्या हातात आल्या त्या ओल्या, वास मारणाऱ्या. एका रात्रीत.

श्रावण वद्य पंचमी

ताप उतरत नाही. हे साहेबांबरोबर दौऱ्यावर, औशाच्या पुढं कुठंतरी. ओढ्यांना पूर आहे, निरोप पोचला की नाही कोण जाणे. हकीमसाहेबांनी जीभ बघितली, काढा दिला आणि गेले. हाजराबी दर्ग्याचा दोरा घेऊन आली, वन्संनी आडवं न येता इंदूच्या दंडाला बांधू दिला. यावरून काय ते समजावं.

इंदू दाराकडं बघते. "आई बोलवायली," म्हणते. मला नव्हे. परसाच्या दाराकडं.

श्रावण वद्य सप्तमी

आज दुपारी इंदूचे हातपाय गार पडले. वन्सं देवापुढं बसल्या त्या उठेचनात. मी परसात गेले. पावसाची भुरभुर होती. झेंडूसमोर चिखलात बसले. शेजारून हाजराबी बघत असेल तर बघो.

भांडले मी तिच्याशी. शब्द आठवतील तसे लिहिते. म्हटलं, तुझं लुगडं आधी, तुझा घास आधी, मी कधी कुरकुरले? एक फूल दिलं ते तुझ्याच पोरीला दिलं. तू जन्म दिलास, कबूल. पण तू जिथं आहेस तिथं तिचं काय काम? तिला वेणी कोण घालणार तिथं?

पानसुद्धा हललं नाही. मग मी रडले आणि टाक मुठीत धरून म्हटलं — माझं जे पहिलं असेल ते तुझं. मी हात लावायची नाही, कोणाला लावू द्यायची नाही. शब्द देते. हिला मला ठेव.

वेलाला लागलेला दोडका डोळ्यापुढं होता माझ्या. दुसरं काय आहे माझ्यापाशी?

श्रावण वद्य अष्टमी

पहाटे घाम आला. ताप उतरला. दोन घोट पेज प्यायली.

श्रावण वद्य दशमी

उशाशी बसले होते. डोळे उघडून म्हणाली, "आई, पाणी."

दाराकडं बघून नव्हे. माझ्याकडं बघून, माझा हात धरून. मी पाणी दिलं आणि उठून कोठीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. हे आले संध्याकाळी, चिखलानं माखलेले. त्यांना सांगितलं. यांच्याकडं आज शेरा नव्हता. डोळे पुसले त्यांनी, माझ्यासमोर.

श्रावण वद्य त्रयोदशी

शब्द पाळला. पहिला दोडका तोडला, टाकाला लावला, झेंडूच्या बुडाशी ठेवला. हात जोडले. फिटलं म्हटलं.

श्रावण अमावास्या

दोडका परत आला आहे.

सकाळी अंथरुणातून उठले तर माझ्या उशाशी. देठ तसाच, अंगाला आळ्यातली माती. घरात कोणी हात लावला नाही. इंदूला तर अजून चालवत नाही. परत नेऊन ठेवला.

भाद्रपद शुद्ध द्वितीया

दोडका परत. काल पहिलं कारलं ठेवलं होतं, तेही परत. उशाशी, शेजारी शेजारी. पहिल्या वालाच्या शेंगाही नेऊन ठेवल्या. बघू.

इंदू आता मला सोडत नाही. "आई, हे काय, आई, ते काय" — दिवसभर कान किटतात आणि मला हवं तेच आहे. परसात मात्र जात नाही. झेंडूकडं बघतही नाही. विचारलं तर म्हणाली, "ती माझ्याशी बोलत न्हाई आता."

भाद्रपद शुद्ध पंचमी

शेंगाही परत. तिला हे काहीच नको आहे. मग काय हवंय? नवं लुगडं लावून बघितलं, खीर दाखवून बघितली. हाजराबी म्हणाली, "पोरगी बरी झाली ना? मग गप बस की." तिचं खरं आहे. पण शब्द दिलेला माणूस गप कसा बसेल?

झेंडूला फुलं लागलीत, झाड वाकेल इतकी. सगळी माझ्याकडं वळलेली. आज नीट बघितलं. टाक गळ्याशी आहे. फुलं त्याच्या खाली बघतात.

भाद्रपद शुद्ध दशमी

सकाळपासून तीनदा ओकारी झाली. वन्सं जवळ बसल्या, पाठीवरून हात फिरवला, आणि आजवर कधी हसल्या नव्हत्या तशा हसल्या. "आख्ख्या श्रावणात तू बाजूला बसली नाहीस. मी कधीचीच ओळखून आहे."

मी नव्हते ओळखून. इंदूच्या दुखण्यात ध्यानातच आलं नाही.

म्हणजे चिखलात बसून शब्द दिला तेव्हा माझं पहिलं पोटात होतं. आणि रुद्राणीला ते ठाऊक होतं.