बिबड्यांखालचे दोन पक्ष

देवपूर, धुळे

तीर्थरूप नानांना धाकट्या दिपमालाचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे आणि वहिनींची शुगर एकवीरादेवीच्या कृपेने आवाक्यात असतील. आमच्याकडे शुगर नाही, नोटीस आहे. यांनी फोनवर थोडक्यात सांगितलंच आहे, आता सगळं माझ्याकडून ऐका.

यंदा बिबडे (पापड ज्वारीचेच, तिखट बेताचं) घालायला प्लास्टिक विकत आणणं जिवावर आलं. तेवढ्यात प्रचाराचा एक फ्लेक्स वाऱ्याने फाटून आमच्या दारात पडला. देवाने दिलेलं नाकारू नये, म्हणून धुऊन गच्चीवर अंथरला. शेजारच्या यशोदाबाईंनी विचारलं, "काय वं माय, तुना नवरा कोन पार्टीमा शे?" हे पडले सरकारी लिपिक, सत्तावीस वर्षांत मत कोणाला दिलं ते मलाही सांगितलेलं नाही. (शिऱ्यात तूप वाढवूनही विचारून पाहिलं.) मी घाबरले आणि समतोल राखायला दुसऱ्या पक्षाचाही फ्लेक्स मागून आणून शेजारी अंथरला. कोणीतरी फोटो काढला. एका पक्षाने तक्रार केली, सरकारी नोकर विरोधकांचा प्रचार करतो. दुसऱ्याने केली, आमच्या नेत्याच्या तोंडाला पीठ फासलं.

यांच्या ऑफिसातून नोटीस आली त्या दिवशी हे जेवले नाहीत. मी म्हटलं, मत मांडायचं स्वातंत्र्य घटनेत सगळ्यांना दिलंय, शाळेत शिकलोय आपण. म्हणाले, "आहे ना. माझं निवृत्तीपर्यंत कपाटात ठेवलंय. आता बढतीही तिथेच ठेव." नाना, फार वाईट वाटलं. बातम्या बघतानासुद्धा ओठ मिटून बसणारा माणूस, आणि त्याला बोल लागला माझ्या पिठामुळे.

तुम्ही वकिली भाषेत लिहून पाठवलेला खुलासा मिळाला. यांनी सही केली. माझी राहिली आहे.

आपली,
दिपमाला

ता. क. बिबडे अमळनेरच्या एसटीने पाठवते आहे. शाई लागलेले काढून ठेवलेत, ते आम्ही तळतो.

ता. क. खुलाशात तुम्ही लिहिलंय, "पत्नी अल्पशिक्षित असून तिला राजकारणातले काही समजत नाही." मी मॅट्रिक आहे नाना, परीक्षेचा फॉर्म तुम्हीच भरला होता. तेवढं वाक्य खोडा. लिहा की गच्ची पत्नीची, मत पत्नीचं, आणि पत्नी सरकारी नोकर नाही. मग लगेच सही करते.

ता. क. यांना कळू देऊ नका, पण त्या नेत्याने रोज पाणी देऊ म्हटलं होतं आणि आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी येतो. पीठ मी तोंड बघूनच घातलं. साहेबांना राग आला तर नोटीस माझ्या नावाने काढा म्हणावं. लग्न झाल्यापासून माझ्या नावाने टपाल आलेलं नाही.