नळीतली माती

केडगाव,
९ डिसेंबर २०२५

ती. आईंना,

अनुपमाचा नमस्कार. सत्यजीतशी फारकत झाल्यावर त्यांच्या आईला काय म्हणायचं, हे कुणी शिकवलं नाही. म्हणून जुनाच शब्द लिहिला. खटकला तर खोडून पुढे वाचा.

तुमचं एक वाक्य सध्या डोक्यातून जात नाही. लग्न होऊन आले त्या उन्हाळ्यात मी वावरातल्या भेगेत कोपरापर्यंत हात घातला आणि म्हटलं, ही माती बांधकामाला वाईट. सिव्हिलचा डिप्लोमा ताजा होता माझा. तुम्ही डोक्यावरची पाटी न उतरवता म्हणालात, "मातीला नावं ठिऊ नगं. तिला कळतं." मी हसले होते.

गुडघा कसा आहे? तेल लावून शेकता का? इथे थंडी चांगली पडली आहे. सकाळच्या गाडीने दौंडला जाते, प्रयोगशाळेत माती वाळवायच्या ओव्हनजवळ जरा उभी राहते, मग कामाला लागते. तब्येत बरी आहे. झोपेचं काही विचारू नका.

परवा रविभाऊजी दौंडला आले होते. चहा प्यायलो. मला म्हणाले, "वैनी, आई लई तापलीया."

"कुणावर?"

"तुमच्यावरच की. म्हंती, घरातून गेली ती गेली, आन् जमिनीवर डूख धरून बसली."

म्हणजे मुलींच्या वसतिगृहासाठी तुम्ही जो तुकडा दिलात, त्याच्या मातीचा रिपोर्ट मी मुद्दाम वाईट केला, असं तुम्हाला वाटतं. आई, तुम्ही ती जागा का दिलीत हे मला माहीत आहे. तुमच्या लेकीची, सायलीताईंची शाळा लांबच्या वाटेपायी सुटली, तेव्हा तुम्ही दोन दिवस चूल पेटवली नव्हती. हे मला त्यांनीच सांगितलं होतं. त्या जागेवर मी डूख धरीन?

थांबा. दूध उतू गेलं, ते पुसून आले.

आमचं काम कसं चालतं ते एकदा नीट सांगते. जमिनीत खाली असलेली चिकणमाती वरच्या ओझ्याखाली वर्षानुवर्षं दाबून बसलेली असते. पातळ पत्र्याची नळी सावकाश दाबत खाली न्यायची आणि त्या मातीचा तुकडा जसाच्या तसा उचलून आणायचा. वर आला की त्याच्यावरचं ओझं जातं. तो सैल होऊ बघतो. म्हणून लगेच नळीची दोन्ही तोंडं मेणाने बंद करायची, धक्का लागू द्यायचा नाही, ऊन लागू द्यायचं नाही. एवढं करूनही थोडा बदल होतोच. पुढे आम्ही तो तुकडा यंत्रात ठेवून वरून दाबतो आणि किती सोसतो ते बघतो.

तुमच्या जागेतले तुकडे काही सोसेनात. जरा दाबले की पिंपासारखे फुगायचे आणि बसायचे.

बोअर मारणाऱ्यांची चूक आहेच. नळी दाबायची सोडून त्यांनी घण मारून ठोकली. मेण संपलं म्हणून तोंडं उघडीच ठेवली आणि तुमच्या कडुनिंबाखाली नळ्या टाकून निघून गेले. वर तुमच्याकडचा रस्ता. गाडीत नळ्या आदळल्या असतील. एवढं लिहून मला थांबता आलं असतं. काल थांबलेही होते.

पण नळ्या आल्या त्या दिवशी मी पहिली उघडली, तर माती नळीच्या बाहेर बोटभर आली होती. टोकाला लिबलिबीत, मधे बरी घट्ट. नळ्या घेऊन आलेल्या भाऊजींना मी विचारलं, ही भिजली कशी? ते कौतुकाने म्हणाले, "भिजली न्हाई वैनी, भिजवली. आईनं लई जपलंय. सुकंल म्हणून दोन्ही तोंडांना गोणपाट बांधलं आन् दिसभर वरनं तांब्या वतीत व्हती. बेण्याला जपावं तसं!"

आई, काळी माती पाणी दिसलं की पिते. वरचं ओझं गेलेली तर जास्तच पिते. फुगते, आणि फुगली की बळ जातं. तुम्ही जे केलंत ते उसाच्या बेण्याला, रोपाच्या मुळांना बरोबर आहे. नळीतल्या मातीला नाही.

लिहिलं एकदाचं.

मी आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांना तेव्हाच म्हटलं, हे नमुने टाकून नवे मागवू. ते म्हणाले, "मॅडम, आलंय ते तपासा. आपण माती तपासतो, तिची कुंडली मांडत नाही." रिपोर्टखाली मी एक ओळ घातली, की नमुने मूळ स्थितीत नव्हते. ती ओळ कुणी वाचली नाही. आकडे तेवढे वाचले. वसतिगृहाच्या समितीतले पोपटराव म्हणे पारावर सांगत फिरतात, "मुक्ताबाईची जमीन म्हंजी लोण्याचा गोळा. पोरी झोपल्या जागी पाताळात जातील!" आणि स्वतःचा ओढ्यापलीकडचा माळ पुढे करतात. त्या ओढ्याला पाणी आलं की पोरी तिकडे कशा जायच्या, हे तुम्हीच त्यांना विचारा.

मी परत साहेबांकडे गेले. ते म्हणतात, नमुना बिघडला होता असं समितीने लिहून दिलं तर पुन्हा बोअर घेऊ. बोअरवाले म्हणतात, आम्ही नीटच दिलं होतं. भाऊजी खाली मान घालून म्हणाले, "आईच्या विरुद्ध मी न्हाई बोलायचो." मी सांगितलं, तर लोक म्हणतील, टाकलेली सून सासूवर खापर फोडते. लोकांचं सोडा. मलाच ते करायचं नाही. इतकी वर्षं झाली, पण तुमचं नाव असं चारचौघांत माझ्या तोंडून जाऊ नये.

आणि त्या तुकड्यात तुम्ही रागाने कांदा लावून टाकलात, हेही कळलं. बोअर पुन्हा घ्यायचा तर वाफे तुडवले जाणार. या वेळी मी स्वतः येईन, मेण घेऊन येईन, नळ्या मांडीवर घेऊन दौंडला आणीन. माती बरी निघेल अशी खात्री मात्र देत नाही. तीही कमजोर निघाली, तर तसंच लिहीन. पण मग ते तिचं खरं असेल.

येत्या रविवारी समितीची बैठक आहे. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. उभ्या आयुष्यात "माझं चुकलं" असं तुम्ही कुणापुढे म्हटलेलं मी ऐकलं नाही, माझ्यापुढेही नाही. त्यामुळे उत्तर कदाचित येणारच नाही, हे धरूनच लिहिते आहे.

बैठकीत पोपटरावांसमोर एवढंच सांगाल का, की पाणी मी घातलं?

अनुपमा