नीलिमाताईच्या तासाची अंडी

ती. नीलिमाताईले,

रोशनचा बसूनच नमस्कार. (वाकून केला असता, पण मांडीवर टोपलं हाय.) तुहा बसलेला घसा मोकळा झाला असन. पोरीयले शिकवून बसला म्हणते, पण आईच्या मते तो मले शिकवतानाच बसला होता.

तू सांगितलं होतं, शनिवारी मोठ्या बाई तुहा तास पाहाले येनार, त्यावर पुढच्या वर्षीची नोकरी ठरनार, तवा दोन दिवस उबवलेली गावरान अंडी आन. पोरीयले भिंगातून दाखवाचं होतं, की गर्भाच्या बाहेरच्या थराले घडी पडून मेंदू न मज्जारज्जू कसा बनते, न त्याच थरातून चामडी, नखं, डोळ्याचं भिंग बी. (मेंदू न चामडी एकाच थरातले! म्हणजे बाबा माह्या पाठीवर काठी हानून डोक्यात उजेड पाडाले पाहात, ते उगाच नाई.)

आता मी जन्मात कुठी वेळेवर पोचलो नाई, म्हणून यावेळी महिनाभर आधीच निघालो. मधात जंगूभाऊच्या गावी मोहफुलं वेचाले थांबलो (मग एका लग्नात ढोलवाला कमी पडला, ते वेगळं) न त्याच्या मायच्या, मंगलीबाईच्या, कोंबडीखाली अंडी ठेवली. दोन दिवसानं काढाले गेलो तं बाईनं मनगटच धरलं.

"बसली कोंबडी उठवाची नाई, पोरा. माह्या घरी तं नाईच."

मी विज्ञान सांगितलं, बाहेरचा थर सांगितला. बाई म्हणे, थराचं कोंबडी पाहून घेईन, तू लाकडं फोड. मी फोडली. दुसरी अंडी शोधाले निघनारच होतो, पन तलावावर मासे धरनं निघालं.

तं ताई, काल अंडी फुटली. बाहेरच्या थरानं काम पुरं केलं. चामडी, पिसं, चोच, नखं, समदं जागच्या जागी. मेंदू बी बनला असन, कारण पिल्लं मले सोडून कोंबडीच्याच मागं जातात. उद्या शनिवारी हेच घेऊन येतो. भिंगाची गरज नाई, शेवटच्या बाकावरून बी दिसते.

तुहा, जिंदगीत एकदा लवकर निघालेला भाऊ,
रोशन

ता. क. घाबरू नको. मंगलीबाईची दुसरी कोंबडी दोन दिवस बसून आपल्याच मनानं उठून गेली (माह्यासारखी). तिले कोनी उठवलं नाई, म्हणून बाईनं ती अंडी हसत देली. चिठ्ठी आननाऱ्या सुनिलच्या पिशवीत भुशात ठेवली हायेत. तास त्यावरच घे.

ता. क. मंग पिल्लं काऊन आनून राह्यलो? मले परवा सिरोंच्याकडं निघाचं हाय, न मंगलीबाईनं कोंबडी बी बांधून देली. तुह्या खोलीत पलंगाखाली जागा कर. घरमालकिणीले सांग, कॉलेजचं सामान हाय.